काऽऽही कमी नाही

५ फेब्रुवारी

नकटे,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचललास तरी मी ओरडायला लागले की "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतेस. कागदाला मीटिंग नसते. आमच्या गोदामातून तुमच्या हेड ऑफिसला रोज टपालाची थैली जाते, तिच्यातच हे घालते आहे. थैलीवाले काका विचारत होते, "बहिणीला काय पाठवताय?" म्हटलं, "घरचा आहेर."

आज माझं तोंड गेटवर लागलंय. दोन माणसांएवढं उंच. पहारेकरी म्हणाला, "ताई, तुम्ही आता कार्ड नका दाखवू, वर बघितलं की ओळख पटते." सगळे हसले, मीही हसले. मग मान वर करून खाली काय लिहिलंय ते वाचलं. "इथे काही कमी नाही." आणि त्याखाली बारीक अक्षरात, "आपल्या कुटुंबातल्या ताई, परतावा विभाग."

जेवायच्या हॉलमधल्या टीव्हीवरही मीच. डब्याचं झाकण उघडेपर्यंत एकदा बोलते, बंद करेपर्यंत पुन्हा बोलते. "आम्हाला काय, काही कमी नाही." हसरा चेहरा, मागे संगीत, अंगात ते निळं जाकीट. (जाकीट शूटिंग झाल्यावर लगेच काढून घेतलं, हे टीव्हीवर दिसत नाही.)

आता मी खरं काय म्हणाले होते ते ऐक. तुला ऐकवायची खरं तर गरज नाही, कॅमेऱ्यामागे तूच उभी होतीस. तूच म्हणालीस, "ताई, मनमोकळं बोल, अगदी घरी बोलतेस तसं." मी घरी बोलते तसं बोलले. म्हटलं, "आम्हाला काय, काऽऽही कमी नाही हो! उद्याची पाळी सकाळची की दुपारची, ते आज संध्याकाळी फोनवर कळतं. विमा आहे, पण डॉक्टरकडे जायला सुट्टी नाही. पाळणाघर आहे, आमची दुपारची पाळी रंगात येते तेव्हा त्याला कुलूप लागतं. बढतीची शिडी आहे, भिंतीवर रंगवलेली."

यातलं तुम्ही पहिलं वाक्य ठेवलंत आणि बाकीचं कापलंत. एवढंच असतं तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे, मोठ्या कंपन्या असंच करतात. पण तुम्ही माझा 'का' सुद्धा कापलात. मी "काऽऽही" म्हणाले होते. टीव्हीवर नुसतं "काही" ऐकू येतं. कुणीतरी यंत्रावर बसून माझा लांब 'का' आखूड केला, आणि तू त्यावर ठीक आहे म्हणून सही केलीस.

बाकी कुणाला त्या 'का'चा अर्थ कळला नसता तर मी समजू शकते. तू आईच्या पोटची आहेस.

पाहुणे दारात यायचे, घरात साखरेचा डबा पालथा, दूध नाही, आणि आई पदर सावरत काय म्हणायची? "आमच्याकडे काऽऽही कमी नाही हो!" पाहुण्यांना वाटायचं, वा, सुखी घर. आपण दोघी आतल्या खोलीत. तो 'का' जितका लांब, तितकं घरात कमी, हे आपल्याला पाठ होतं. तू तर उशी तोंडात कोंबून हसायचीस, आईचा धपाटा बसेपर्यंत. आणि आज तोच 'का' तू कात्रीने कापतेस?

मला सगळी फीत पाहिजे. कापाकापी न केलेली. महिनाअखेरीला कंपनीचा मेळावा आहे, त्याच्या आत.

ताई


११ फेब्रुवारी

नकटे,

पाच दिवसांनी तुझं उत्तर आलं, तेही फोनवर चार ओळी. "ताई, एडिटिंग बाहेरच्या लोकांनी केलंय. मी फक्त मंजूर केलं. तू पर्सनली घेऊ नकोस. माझीही बढती यावर अडकलीय, प्लीज समजून घे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पर्सनली घेऊ नको! गेटवर तोंड कुणाचं आहे गं? एखाद्या पर्सनचंच ना?

तुझ्या त्या मंजुरीने इथे काय केलं ते सांगते. आमच्या टेबलावर लोकांनी परत केलेला माल येतो, हे तुला माहीत आहे. एक समारंभ मिरवून परत केलेले कोट, एका पायातच बसलेले बूट, नवऱ्याला आवडली नाही म्हणून परत केलेली कढई. उघडायचं, बघायचं, वास घ्यायचा, चांगलं की डागी की भंगार ते ठरवायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर चष्मेवाली बसते. आम्ही दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो. तिच्या मुलीच्या तापात मी जाऊन बसले, आपली आई पडली तेव्हा ती. तू नव्हतीस, म्हणून सांगितलं.

या चष्मेवालीने गेले दोन महिने सगळ्यांना एकत्र केलं. मागणी एकच, आणि काय मोठी? पाळी आठवडाभर आधी सांगा. एवढंच. पैसे नकोत, पेढे नकोत. पोरांच्या शाळेत जायचं असतं, दवाखान्याची वेळ घ्यायची असते, कुणाच्या लग्नाला हो म्हणायचं असतं. आम्हाला उद्याचं आज संध्याकाळी कळतं, मग माणसाने जगायचं कसं, टॉस करून?

परवा ती तिघींना घेऊन आमच्या मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि टेबलावरचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला. त्यावर मी. "आम्हाला काय, काही कमी नाही." साहेब म्हणाले, "तुमच्यातल्याच जुन्या ताई काय म्हणतात बघा. मग तक्रार नेमकी कुणाची आहे?"

चौघी जिना उतरून आल्या. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. चष्मेवालीने आपला स्कॅनर उचलला, चहाचा पेला उचलला आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसली. मी मागून गेले, म्हटलं, "अगं, मी तसं नाही म्हणाले." ती म्हणाली, "मी ऐकलं ना ताई. तुझाच आवाज आहे." मी म्हटलं, "माझं बोलणं कापलंय." ती म्हणाली, "आणि ते कापणारी बहीण कुणाची?"

मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हिला काय सांगू? माझा 'का' लांब होता म्हणून सांगू? मी सांगितलं गं. खरंच सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की माझंच मला हसू आलं, आणि मग रडू.

डबा एकटी खाते. टीव्हीवर माझ्यासमोर मीच असते, तेवढीच सोबत.

फीत पाठव. सगळी.

ताई


१४ फेब्रुवारी

साहेबीणबाई,

आज थैलीतून खोका आला. वाटलं, आली फीत. उघडलं तर कप. त्यावर कंपनीचं चिन्ह आणि "कुटुंबाची शान". सोबत एक बिल्ला, सुगंधी मेणबत्ती आणि छापील कार्ड, "ताणमुक्त राहा."

परत पाठवते आहे. आमच्याकडे माल परत करणाऱ्याने कारण लिहायचं असतं. लिहिलंय, "मागवलं नव्हतं." मेणबत्ती चष्मेवालीने वास घेऊन 'डागी' ठरवली. एवढ्यासाठी ती माझ्याशी बोलली, त्याबद्दल आभार.

ताई


२० फेब्रुवारी

नकटे,

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तुला बहुतेक माहीतच असेल, कारण ती तुमच्याच मजल्यावर शिजली असणार. तरी माझ्या तोंडून ऐक.

पोस्टर लागलं त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं होतं. खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "ताई, सुपरवायझरची जागा रिकामी आहे. कायम सकाळची पाळी. मेळाव्यात जाहीर करू. तुम्ही फक्त स्टेजवर येऊन ते तुमचं वाक्य म्हणायचं."

मी नाही म्हणाले नाही.

हो, मीच. तुला एवढं सुनावणारी. साहेबांनी विचारलं, "मग पक्कं?" आणि मी म्हटलं, "बघते." आणि अजून बघतेच आहे. चष्मेवालीला सांगितलेलं नाही. खिडकीजवळच्या टेबलाकडे बघायचीही लाज वाटते.

तुला कारण सांगते, मग मला नावं ठेव. पडल्यापासून आईचा गुडघा वाकत नाही. व्यायाम करून घेणारी बाई संध्याकाळचीच असते, आणि म्हणते वेळ आठवडाभर आधी ठरवा. कंपनी म्हणते पाळी आदल्या दिवशी सांगू. या दोघांच्या मध्ये आईचा गुडघा. तीनदा वेळ घेतली, तिन्ही वेळा माझी दुपारची पाळी लागली. शेवटी ती बाई म्हणाली, "तुम्हाला गरज आहे असं दिसत नाही." मी रस्त्यात उभी राहून तिला शिव्या घातल्या, फोन बंद झाल्यावर. आई भिंत धरून मोरीपर्यंत जाते आणि वर मला सांगते, "मला काय झालंय? उगीच रजा मागू नकोस."

कायम सकाळची पाळी म्हणजे संध्याकाळ आईची. एवढंच हवंय गं मला. ही जागा मी दर वर्षी मागितली. दर वर्षी साहेब म्हणायचे, "पुढच्या वेळी तुमचाच नंबर." ज्या तिघांना मी स्कॅनर कसा धरायचा ते शिकवलं, ते तिघे माझे सुपरवायझर होऊन वर गेले. कानामागून आले आणि तिखट झाले. मी चांगलं काम केलं तेव्हा मला काही मिळालं नाही, आणि तुम्ही माझ्या तोंडी खोटं घातलंत तर लगेच खुर्ची! याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावर काढते, तू जवळची आहेस.

आणि त्यावर कडी म्हणजे आज आलेलं ते कार्ड. स्टेजवर काय वाचायचं ते. टाईप केलेलं असतं तर चाललं असतं, पण तू हाताने लिहिलंस. "आम्हाला काय, काही कमी नाही हो." 'हो' घालायला विसरली नाहीस. म्हणजे वाक्य आईचं आहे हे तुला पक्कं माहीत आहे. शिवाय खाली, "ताई, एवढं म्हण. आपलं दोघींचं भलं होईल."

आपलं दोघींचं! माझी संध्याकाळ आणि तुझी बढती, असंच ना?

फीत पाठवणार आहेस की नाही, एका शब्दात कळव. ती दाखवली तर चष्मेवालीला खरं कळेल, आणि साहेबांना पुन्हा कॉम्प्युटर फिरवता येणार नाही. माझी जागा जाईल, ते मला माहीत आहे. तरी पाठव. तू पाठवलीस तर मला ठरवावं लागणार नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

थैली आली. तुझं काही नाही. परवा मेळावा.

आईला सांगितलंय की तू तिथे येणार आहेस. तिने तुझ्यासाठी जुना लोकरी स्कार्फ धुऊन ठेवलाय, तिथे एसी फार असतो म्हणून. मी तो आणणार नाही. तुला थंडी वाजली तर वाजू दे.

ताई


२ मार्च

नकटे,

तू न भेटता निघून गेलीस, त्यामुळे आता हे ऐकून घ्यावंच लागेल. पहिल्या रांगेत बसून तुला जे दिसलं नाही ते सांगते.

स्टेजमागे मी उभी होते तेव्हा माझं काही ठरलेलं नव्हतं. देवाशपथ सांगते. एका हातात तुझं कार्ड, दुसऱ्या हाताने पडदा धरलेला. मनात म्हणत होते, एक वाक्य तर आहे, म्हणून टाक, आईला घेऊन संध्याकाळी बागेपर्यंत चालत जाशील. पडद्याच्या फटीतून दुपारची पाळी दिसत होती, मागच्या रांगांमध्ये. चष्मेवाली मान खाली घालून नखं बघत बसली होती.

मग तुम्ही ती कापलेली फीत लावलीत. भिंतीएवढी मी. "आम्हाला काय, काही कमी नाही." आखूड. अख्ख्या हॉलमध्ये कुणी खाकरलंसुद्धा नाही. आणि खरं सांगू? मला त्या बाईचा, म्हणजे माझाच, असा संताप आला! आईचं वाक्य, आणि त्यात आईच नाही. मेलं ते संगीत आणि मेलं ते जाकीट, म्हटलं.

तुमचे सर्वांत मोठे साहेब, ते बाहेरून आलेले, शिकवून घेतलेली चार वाक्यं आपल्या भाषेत बोलणारे, त्यांनी माझ्या हातात माईक दिला. मी कार्ड वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि तू लिहिलेलं वाचलं. अक्षर न् अक्षर. फक्त आई म्हणायची तसं.

"आम्हाला काय... काऽऽऽऽही कमी नाही हो!"

मग मागून थैलीवाले काका फस्सकन हसले. त्यांच्या घरातही कुणीतरी हे वाक्य म्हणणारं असणार. मग त्यांच्या शेजारची, मग तिच्यामागची, आणि मग सगळी दुपारची पाळी, खुर्च्या हलवत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत. चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. ज्याला त्याला आपापल्या घरची ओळख पटली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि तुमचे मोठे साहेब! त्यांना वाटलं, आनंदाला उधाण आलंय. उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना बघून पुढच्या रांगेतले सगळे सूटवाले उभे राहिले. साहेबांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा! सगळे मिळून!"

नकटे, त्या हॉलचं छप्पर उडालं नाही एवढंच. "काऽऽऽऽही कमी नाही हो!" पार सफाई कामगारांपासून पहारेकऱ्यांपर्यंत. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली बसलेले आमच्या गोदामाचे साहेब मात्र आपल्याच भाषेत वाढलेले. त्यांचा चेहरा असा झाला होता की त्याला मी 'भंगार' ठरवून बाजूला ठेवलं असतं. मी उतरले तेव्हा दातांतून म्हणाले, "हे बरं नाही केलंत." मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. "साहेब, लिहिलंय तेच वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

जागा जाहीर झाली नाही, ते तू पाहिलंस. आता दुसरं कुणीतरी कानामागून येईल आणि त्याला स्कॅनर धरायला मीच शिकवीन. आईची संध्याकाळ गेली, आणि त्याचं दुःख मला आहे, नाही असं नाही. पोस्टर काढलंय. टीव्हीवरची फीतही बंद केली, कारण ती लागली की लोक टेबलं बडवतात. पाळी अजून आदल्या संध्याकाळीच कळते. फक्त ती फोनवरच्या ग्रुपमध्ये आली की खाली सगळ्यांची एकेक ओळ येते, "काऽऽही कमी नाही हो." साहेबांनी बंद करायला सांगितलं. चष्मेवालीने विचारलं, "साहेब, यात आक्षेपार्ह काय आहे? कंपनीचंच वाक्य आहे." उद्या परत पाचजणी वर जाणार आहोत. पाचवी मी. चष्मेवालीने सकाळी येऊन स्कॅनर माझ्या शेजारी आपटला आणि म्हणाली, "सरक जरा. केवढी जागा अडवलीयस."

आता तुझं.

मी स्टेजवरून तुलाच बघत होते. सगळा हॉल हसायच्या आधी, काका हसायच्याही आधी, पहिल्या रांगेत एक डोकं खाली गेलं. उशी नव्हती म्हणून तू फाईल तोंडावर धरलीस. खांदे हलत होते. मी तुला लहानपणापासून ओळखते. तो 'का' तुझ्या कानात शिरला आणि तुला आवरलं नाही.

म्हणजे तुला कळत होतं. शूटिंगच्या दिवशीही कळलं होतं, म्हणूनच मान खाली घालून फोनमध्ये बघत बसलीस. सही करतानाही कळत होतं. आजवर मनात एक पळवाट ठेवली होती मी, की ऑफिसात राहून राहून हिचा कान गेला असेल. तीही तू बंद केलीस. माझा राग गेलेला नाही, उलट वाढलाय.

हसल्यानंतर तू फाईल खाली घेतलीस तेव्हा तुझ्याकडे नीट बघितलं. गालाची हाडं वर आलीत. मांडीवर दोन दोन फोन, आणि मध्येच पर्समधून गोळी काढून पाण्याशिवाय गिळलीस. तुझ्या बढतीचं काय झालं ते मी विचारणार नाही. तुमच्या मजल्यावर आदल्या संध्याकाळी तरी काही कळतं का गं?

घरी आले तर आई दारातच, भिंत धरून. पायातली चप्पलही काढू दिली नाही. "भेटली का? कशी आहे धाकटी?"

मी रागात होते. तुला टोमणा मारायचा होता, दुसरं काही मनात नव्हतं. सटकन तोंडातून गेलं, "तिला काय धाड भरलीय? तिला काऽऽही कमी नाही हो!"

आईने भिंतीवरचा हात काढला. मग पाय लांब करून खुर्चीवर टेकली, तो स्कार्फ मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाली,

"इतकं वाईट चाललंय का गं तिचं?"

स्कार्फ या थैलीतून पाठवते आहे. आईला उत्तर तू दे.

ताई